शिल्लक शून्य

औषधांच्या दुकानातल्या बाईंचा कशावरच विश्वास नव्हता. दुकानाबाहेरच्या वजनकाट्यावर नव्हता, समोरच्या बँकेच्या घड्याळावर नव्हता, आणि घाऊक माल घेऊन येणाऱ्या माणसाच्या हसण्यावर तर मुळीच नव्हता. दूधवाल्याने एखाद्या सकाळी माप जरा भरून घातलं, तर काल किती कमी घातलं असेल या विचाराने त्यांचा चहा कडू व्हायचा. धाकटा भाऊ त्यांच्याबरोबरच दुकान सांभाळायचा. तो म्हणायचा, ताईला आरशात स्वतःचं तोंड दिसलं तरी ती आधी मागे वळून बघते.

पण हा संशय खरा बहरायचा तो रोजच्या गोळ्या घेणाऱ्यांवर. प्रेशर, साखर, थायरॉइड, दमा हे आजार पाहुणे म्हणून येतात आणि घरजावई होऊन राहतात. त्यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, आणि जन्मभर करायची कुठलीही गोष्ट माणूस चुकवतो म्हणजे चुकवतोच, असं बाईंचं ठाम मत होतं. चुकवतो ते चुकवतो आणि वर तोंड करून घेतली म्हणून सांगतो. म्हणून त्यांनी दुकानात एक शिस्त घातली होती. पुढच्या महिन्याच्या गोळ्या हव्या असतील तर मागच्या महिन्याची पिशवी घेऊन यायचं. रिकामी पाकिटं, अर्धी पाकिटं, सुट्ट्या गोळ्या, जे असेल ते काउंटरवर उलटं करायचं. बाई प्लास्टिकच्या पट्टीने उरलेल्या गोळ्या दोन-दोन करून सरकवायच्या आणि आकडा मोठ्याने सांगायच्या. मग तोच आकडा एका चिठ्ठीवर लिहून खाली सही करायच्या. ती चिठ्ठी पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवायची. डॉक्टरही आता ‘गोळ्या घेता का’ असं विचारायचे नाहीत, सरळ चिठ्ठी मागायचे.

गल्लीने या प्रकाराला ‘हजेरी’ असं नाव ठेवलं होतं आणि बाईंना ‘हजेरीबाई’. तोंडावर अर्थात नुसतं ‘बाई’. लोक कुरकुरायचे, पण यायचे, कारण मोजता मोजता बाईंनी बऱ्याच जणांना वाचवलं होतं. निवृत्त पोस्टमन एकच गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी घेत होता, ते त्यांनीच पकडलं. बेकरीवाली मावशी जेवणाआधीची साखरेची गोळी रात्री झोपताना घ्यायची, तेही त्यांनीच पकडलं. फक्त पकडल्यावर त्या रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायच्या. माणसाला चारचौघांत लाज वाटली की तो विसरत नाही, हा त्यांचा आणखी एक सिद्धांत होता.

हे वेड त्यांच्या डोक्यात असंच शिरलेलं नव्हतं. बाईंचे यजमान वायरमन होते. खांबावर चढताना त्यांना कधी भीती वाटली नाही, पण चाळिशी ओलांडल्यावर हृदयाने कुरबुर सुरू केली आणि रोजची एक गोळी मागे लागली. बाई सकाळी दुकानात निघताना चपला पायात सरकवत विचारायच्या, “घेतली का?” आतून उत्तर यायचं, “घेतली.” एका दुपारी ते जेवून खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत. पुढे स्कूटर विकायची म्हणून बाईंनी तिची डिकी उघडली, तर पान्यांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या गोळ्या निघाल्या. पाच महिन्यांच्या. बाईंनी तिथेच फरशीवर बसून त्या मोजल्या, आणि मग परत मोजल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. औषधवालीच्या घरातला माणूस औषधावाचून गेला, ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही, सख्ख्या भावालाही नाही. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं होतं, की तोंड खोटं बोलतं, पाकीट बोलत नाही.

अशा या बाईंच्या हजेरीपटावर एकच माणूस नमुनेदार होता. ते म्हणजे मास्तर.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. चाळीस वर्षं लोकांचे शर्ट शिवून त्यांची मान कायमची जरा पुढे झुकलेली होती. बायको गेल्यावर दोन वर्षांपूर्वी ते दोन गल्ल्या पलीकडे मुलाकडे राहायला आले होते. येताना शिलाई मशीन घेऊन आले आणि प्रेशरची एक गोळी. पहिल्याच खेपेला, जुन्या घरून आणलेल्या त्यांच्या पिशवीत थोड्या गोळ्या उरल्या होत्या. तेव्हा बाईंनी कानउघाडणी केली होती, आणि ती अशी लागू पडली की त्यानंतर प्रत्येक महिन्याला मास्तरांची शिल्लक शून्य. कधी एक नाही, कधी अर्धी नाही. हात बांधून गुपचूप उभे राहायचे, चिठ्ठी घ्यायचे, मान हलवून निघून जायचे. बाई रांगेतल्या बाकीच्यांना सुनवायच्या, “जरा मास्तरांकडे बघून शिका.”

आणि याच मास्तरांचं प्रेशर काही केल्या उतरत नव्हतं. डॉक्टरांनी गेल्या वर्षी दुसरी गोळी दिली, लघवीवाटे पाणी काढणारी. मग तिसरी दिली. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या खाली यायला तयार नव्हता. त्या सोमवारी मास्तर चौथी गोळी लिहिलेला कागद घेऊन आले. डॉक्टरांनी त्यावर खरडलं होतं, गोळ्या नियमित, तरी प्रेशर चढं. बाईंनी कागद वाचला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. एवढं प्रेशर म्हणजे डोक्यातली एखादी नस कधी दगा देईल याचा भरवसा नाही. एका सकाळी मास्तरांचा उजवा हात उठायचा नाही. शिंप्याचा हातच गेला, तर त्याच्याजवळ उरलं काय? कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठे हे शोधल्याशिवाय बाईंना अन्न गोड लागणार नव्हतं.

पहिला संशय औषधावर गेला. माल नकली आला असेल. त्यांनी पाकिटावरचा बॅच नंबर काढला, त्याच गठ्ठ्यातल्या गोळ्या आणखी कुणाला दिल्या ते वहीत पाहिलं आणि पोस्टमनला नि बेकरीवाल्या मावशीला बोलावून त्यांचं प्रेशर स्वतः मोजलं. दोघांचंही छान आटोक्यात होतं. तरी त्यांनी घाऊक व्यापाऱ्याला फोन करून पाऊण तास त्याची उलटतपासणी घेतली. शेवटी तो म्हणाला की बाई, तुम्हाला माझ्यावर संशय असेल तर गोळ्या परत पाठवा, पण मला माझ्या आईची शपथ घ्यायला लावू नका.

दुसरा संशय डॉक्टरांच्या यंत्रावर. पण दुकानातल्या यंत्रानेही मास्तरांचा तोच आकडा दाखवला. तिसरा संशय खुद्द भावावर. याने चुकीची पाकिटं तर नाही ना बांधून दिली? भाऊ दिवसभर पाकिटं आपटत होता. संध्याकाळी एवढंच म्हणाला, “साप साप म्हणून भुई थोपटतेस ताई. कधीतरी साप निघेल आणि तुझाच पाय त्याच्यावर असेल.”

मग उरली सून. ती घरूनच नोकरी करायची. सकाळी सात ते दुपारी तीन कानाला हेडफोन लावून कुठल्याशा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या. मुलगा कामासाठी सदा बाहेरगावी. म्हणजे घरात म्हातारा आणि सून दोघंच. बाईंच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. सून घाईची. सून फटकळ. मागच्या महिन्यात पलीकडच्या चौकातल्या दुसऱ्या औषधवाल्याकडून बाहेर पडताना बाईंनी तिला पाहिलं होतं. तिथे तिचं काय काम? मंगळवारी दुपारी ती साबण घ्यायला आली, तेव्हा बाईंनी साबण हातात धरूनच ठेवला.

“तुमच्या सासऱ्यांना गोळ्या कोण देतं?”

“तेच घेतात. मी कशाला देऊ, ते काय लहान आहेत?”

“घेताना तुम्ही कधी पाहिलंय?”

सुनेचा चेहरा बदलला. दिवसभर परक्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि साबणाला आलं तर इथेही तीच तऱ्हा. ती म्हणाली की चहा मी देते, जेवण मी देते, कपडे मी धुते, आता त्यांच्या तोंडात बघत बसू का?

“हो,” बाई म्हणाल्या. “उद्यापासून बसा. सकाळी आठला समोर उभ्या राहा. चारही गोळ्या हातावर ठेवा, पाणी द्या, आणि गिळल्यावर तोंड उघडायला लावा. शून्य शिल्लक दाखवून प्रेशर चढतंय म्हणजे कुणीतरी कुणालातरी फसवतंय. त्यांना काही झालं तर लोक तुम्हालाच विचारतील.”

शेवटचं वाक्य सुनेच्या वर्मी लागलं. उद्या आठला उभी राहते, असं म्हणून ती साबण न घेताच निघून गेली.

ती गेल्यावर बाईंनी काउंटरखालचं खोकं ओढलं. लोकांनी आणलेली रिकामी पाकिटं त्या त्यात टाकून ठेवायच्या. रिकाम्या पाकिटांकडे त्या कधी बघतच नसत, त्यांचा सगळा जीव उरलेल्या गोळ्यांत. आज मात्र त्यांनी सोमवारची मास्तरांची पाकिटं शोधून काढली आणि दारातल्या उजेडात धरली. रोज एक गोळी काढलेल्या पाकिटावर महिनाभराच्या खुणा असतात. एखादं घर अंगठ्याने दाबलेलं, एखादं नखाने फाडलेलं, कडा दुमडलेल्या, कुठे चहाचा डाग. मास्तरांच्या पहिल्या, जुन्या गोळीचं पाकीट तसंच होतं, चुरगळलेलं. बाकीच्या दोन गोळ्यांची पाकिटं मात्र कोरी करकरीत. मागच्या चंदेरी कागदावर प्रत्येक घराला एकच बारीक सरळ चीर होती. ब्लेडने शिलाई उसवावी तशी, एका बैठकीत, एका हाताने.

बाईंच्या तोंडून आपोआप निघालं, “गोगलगाय नि पोटात पाय.”

म्हणजे सून नव्हे, खुद्द मास्तर. पहिली गोळी तेवढी घेत होते. बाकीच्या महिनाअखेरीला ब्लेडने कापून कुठेतरी फेकत होते आणि हात बांधून समोर उभे राहत होते. नमुनेदार! बाईंना राग आला, पण त्याहून जास्त समाधान वाटलं. आपला संशय खरा ठरला की त्यांना पोट भरल्यासारखं व्हायचं. सुनेवर उगाच आळ घेतला याचं थोडं वाईट वाटलं, पण तेही लगेच पुसलं गेलं. चोर सापडला होता आणि योगायोगाने शिपाईही आधीच नेमून झाला होता. उद्या आठपासून मास्तरांची थेरं बंद. त्या रात्री बाईंना शांत झोप लागली.

सकाळी पावणेआठला शटर वर करताना त्यांनी ही सगळी हकीकत भावाला सांगितली, आपली हुशारी जरा तिखटमीठ लावूनच. भाऊ दुसऱ्या बाजूने शटर धरून उभा होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे त्या गोळ्या वर्षभर पोटात गेल्याच नाहीत. आणि आज एकदम सगळ्या जाणार. बरं असतं का ते?”

शटर अर्ध्यावरच राहिलं. एवढी साधी गोष्ट, काखेत कळसा आणि गावाला वळसा. डॉक्टरांनी गोळीवर गोळी का चढवली? आधीची पोटात जाते असं वाटलं म्हणून. तसं का वाटलं? चिठ्ठीवर शिल्लक शून्य लिहिलं होतं म्हणून. चिठ्ठी कुणाची, सही कुणाची? एका गोळीची सवय असलेल्या सत्तरीच्या माणसाला आज चार जोरदार गोळ्या एका घोटात दिल्या, तर प्रेशर असं खाली येईल की उभा माणूस खाली कोसळेल, आणि कदाचित उठणारही नाही. आणि ते होतंय की नाही हे बघायला बाईंनी स्वतः पहारा बसवला होता. रोगापेक्षा इलाज भयंकर.

त्यांनी सुनेला फोन लावला. बंद. सात ते तीन तिचा फोन बंदच असायचा. बाईंनी प्रेशरचं यंत्र उचललं आणि पांढऱ्या कोटातच धावत सुटल्या. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना धावताना गल्लीने पहिल्यांदाच पाहिलं. बेकरीवाली मावशी काय झालं म्हणून विचारत राहिली, पण बाईंना उत्तर द्यायलाही दम नव्हता. जिना चढून त्यांनी दार ठोठावलं, तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

सुनेने दार उघडलं. एक कान हेडफोनखाली, एक कान मोकळा. बाईंनी विचारण्याआधीच ती हळू आवाजात म्हणाली, “दिल्या. चारही. तोंड उघडून बघितलं, काही नव्हतं. झालं समाधान?” तेवढ्यात तिच्या लाइनवर कुणीतरी आलं, आणि ती ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते’ म्हणत आपल्या खोलीत वळली.

मास्तर खिडकीशी मशीनवर बसले होते. कुणाची तरी विजार आखूड करत होते. बाईंना पाहून ते धडपडून उभे राहिले आणि त्यांनी हात बांधले. घरातसुद्धा.

“मास्तर, खरं सांगा. गिळल्या का?”

“गिळल्या, बाई. चारही. सूनबाईंनी बघितलंय.”

बाईंनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. आता मोजायला काहीच नव्हतं. ग्लास रिकामा होता. यंत्राला इतक्या लवकर काही कळणार नव्हतं. उरलं होतं ते फक्त या माणसाचं तोंड, ज्यावर त्यांनी आयुष्यात कधी विसंबायचं नाही असं ठरवलं होतं. गिळल्या असतील तर आत्ताच्या आत्ता दवाखान्यात हलवायला हवं. नसतील तर देव पावला. जन्मात पहिल्यांदाच बाईंना मनापासून वाटलं, की समोरचा माणूस खोटारडा निघू दे.

“मी रागावणार नाही,” त्या म्हणाल्या.

“गिळल्या, बाई,” मास्तर परत म्हणाले. आवाज तोच, हात तसेच बांधलेले. बाईंच्या लक्षात आलं की जगातल्या कुठल्याही माणसाला हे खरं सांगतील, पण आपल्याला सांगणार नाहीत.

त्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसल्या. यंत्र मांडीवर ठेवलं. मग त्यांनी जे सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. वायरमन, खुर्ची, स्कूटरची डिकी, पान्यांच्या खालची पिशवी. एकशे बावन्न गोळ्या होत्या, हा आकडाही सांगितला. सांगताना त्या मास्तरांकडे बघत नव्हत्या, आखूड व्हायच्या विजारीकडे बघत होत्या.

मास्तरांनी बांधलेले हात सोडले. मग त्यांनी मशीनचा खण ओढून एक पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उघडलं. आत शर्टाची पांढरी बटणं होती, शेकड्यांनी. वरच तीन गोळ्या पडल्या होत्या, थुंकीने ओलसर, एकीचा रंग बटणांना लागलेला. मास्तरांनी बोटाने बटणं बाजूला सारली, तर खाली जिथे तिथे गोळ्या. लांबून पाहिलं तर बटण कुठलं आणि गोळी कुठली ते कळलं नसतं.

“पहिली घेतो रोज,” ते म्हणाले. “या तीन गालात धरल्या. सूनबाईंच्या लाइनवर कुणी आलं तेव्हा काढल्या.”

बाईंनी डोळे मिटले. असल्या लबाडीवर त्या एरवी सगळी गल्ली डोक्यावर घेत, पण आज त्यांना या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटत होतं. मग त्यांनी विचारलं, का?

मास्तर भिंतीकडे बघत बोलू लागले. त्या पाण्याच्या गोळीने अर्ध्या अर्ध्या तासाला जावं लागतं. संडास सूनबाईंच्या खोलीला लागून. पाणी ओतलं की लाइनवरच्या माणसाला ऐकू जातं. एकदा कुणीतरी तिला विचारलं होतं, बाई, तुम्ही कुठून बोलताय? मुलाला हे सांगताना पोरीची मान खाली गेली. तिसऱ्या गोळीने उठलं की खोली फिरते. चौथी परवाच आली, तिची तर भीतीच बसली आहे.

“मग सांगायचं नाही का?”

“कुणाला, बाई?” मास्तर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. “डॉक्टर चिठ्ठी बघत होते. तुम्ही मोजत होता. पहिल्या खेपेला नऊ उरल्या होत्या माझ्या. तुम्ही म्हणालात, मास्तर, नऊ दिवस काय सुट्टीवर होतात? सगळी रांग हसली. तेव्हा ठरवलं, या बाईंसमोर परत कधी उरू द्यायची नाही.”

बाईंना ते वाक्य आठवलं नाही. अशी वाक्यं त्यांनी इतक्या जणांना ऐकवली होती.

मास्तरांनी डब्याचं झाकण लावलं आणि जरा चाचरत विचारलं, “तुमच्या यजमानांना काय होत होतं गोळीनं?”

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “मी रोज विचारायचे, घेतली का. दुसरं काही विचारलंच नाही.”

सून दारात येऊन उभी होती. तिने किती ऐकलं कोण जाणे, पण हेडफोन तिच्या गळ्यात होता. बाईंनी तिची माफी मागितली, स्पष्ट शब्दांत. तिनेही काही फार मोठेपणा दाखवला नाही. म्हणाली, पलीकडच्या दुकानात मी बाबांसाठीच गेले होते, त्यांच्या पायाला लावायचं मलम तुमच्याकडे नव्हतं म्हणून. मग सासऱ्यांकडे वळून म्हणाली की बाबा, लोकांना पाण्याचा आवाज जातो तर जाऊ दे, त्यांच्या घरी काय नळ नसतात?

त्याच दुपारी बाई डॉक्टरांकडे स्वतः गेल्या आणि नवी चिठ्ठी पुढे ठेवली. तीत लिहिलं होतं, की रुग्ण वर्षभर एकच गोळी घेत होता, आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या चुकीच्या आहेत आणि त्या मी लिहिल्या आहेत. डॉक्टरांनी चष्मा काढून ती दोनदा वाचली. चूक तुमची एकटीची नाही, असं ते पुटपुटले. त्यांनी दोन गोळ्या बंद केल्या आणि पाण्याची गोळी कमी करून घ्यायला लावली, तीही सुनेची लाइन संपल्यावर, दुपारी साडेतीनला.

पुढच्या महिन्यात मास्तर आले तेव्हा रांग चांगली दाराबाहेर गेली होती. त्यांनी पिशवी उलटी केली. बाईंचा स्वभाव काही महिन्यात बदलणारा नव्हता. त्यांनी आधी पाकिटं उजेडात धरून भोकं तपासली. एक वाकडं, एक फाटकं, एकावर चहाचा डाग. मग गोळ्या मोजल्या. पाच उरल्या होत्या. बाईंनी आकडा ओठांतल्या ओठांत म्हटला, काउंटरवर पुढे झुकल्या आणि घेतल्यावर कसं वाटतं ते विचारलं. मास्तर सांगू लागले, आणि एकदा सुरू झालेले मास्तर थांबेनात. मागे पोस्टमन घसा खाकरत होता. भावाने कधी नव्हे ते रांगेला गप्प बसवलं. प्रेशर एकशे अठ्ठेचाळीस होतं.

मास्तरांचं सांगून झालं, तशी बाईंनी जुनी वही उघडली आणि दोन वर्षांपूर्वीचं पान काढलं. तिथे त्यांच्याच अक्षरात होतं, शिल्लक नऊ. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

“मास्तर, ते नऊ दिवस काय झालं होतं?”

मास्तरांनी वहीकडे पाहिलं. “मुलाची आई दवाखान्यात होती,” ते म्हणाले. “मी खाली बाकावर बसून असायचो. गोळ्या घरी राहिल्या. दहाव्या दिवशी एकटाच घरी आलो, तेव्हा आठवलं.”

बाईंनी मान हलवली. मग पेन उचलून त्या नऊच्या पुढे, त्याच ओळीत, त्यांनी लिहिलं, की तेव्हा विचारलं नव्हतं, आणि खाली आजची तारीख घालून सही केली.